मीडसाठी मध: संत्र्याचा, स्टार थिसलचा की जांभळाचा?

फ्रीमाँटहून:

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघांनी यंदा घरी मीड, म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य, करायचं ठरवलंय. एक गॅलनची काचेची बरणी आणि एअरलॉक (वायू बाहेर जाऊ देणारं, पण हवा आत येऊ न देणारं झाकण) आणून ठेवलाय, अडलंय ते मधापाशी. शनिवारच्या शेतकरी बाजारात चार मध चाखले: संत्र्याच्या मोहोराचा, यलो स्टार थिसलचा, निलगिरीचा आणि काळाभोर बकव्हीटचा (कुट्टूच्या फुलांचा). चमच्यावर बकव्हीटच सगळ्यांत दमदार लागला. शिवाय सासूबाईंनी दिलेली महाबळेश्वरच्या जांभळाच्या मधाची बाटली घरात आहे. सगळे समप्रमाणात एकत्र केले तर चालतील का? आणि घरी करायला परवानगी वगैरे लागते का? फ्रेस्नोचे काका बरीच वर्षं करतात असं ऐकलं, म्हणून मुद्दाम विचारते.

फ्रेस्नोहून:

ताई, परवानगीचं आधी सांगतो. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार दोन प्रौढांच्या घरात वर्षाला 200 गॅलनपर्यंत करता येते, एकटा प्रौढ असेल तर 100. घरच्यासाठी करा, मित्रांना पाजा, विकायची मात्र नाही.

आता मध. चमच्यावरची चव आधी विसरा. मधात साधारण ऐंशी टक्के साखर असते आणि यीस्ट ती खाऊन टाकतं. मागे उरतो तो वास, थोडा आंबटपणा आणि कडवटपणा, म्हणजे गोडीखाली जे झाकलेलं होतं तेच उघडं पडतं. म्हणून एक भाग मध तीन भाग कोमट पाण्यात विरघळवा, पेल्यावर बशी झाका आणि दहा मिनिटांनी हुंगा. या पाण्याला ज्या मधाचा वास राहतो, तोच मीडमध्ये टिकायची आशा. दुकानातला गाळून-तापवून केलेला मध इथेच कळतो, त्याला काहीच वास येत नाही.

तुमच्या चारांबद्दल माझं मत असं. संत्र्याचा मध कॅलिफोर्नियात मीडसाठी पहिल्या पसंतीचा. आमच्या सॅन वाकीन खोऱ्यात मोहोर मार्च ते मेमध्ये येतो आणि त्याचा फुलासारखा वास आंबवल्यावरही ओळखू येतो. स्टार थिसल हे खरं तर शेतकऱ्यांना छळणारं काटेरी तण, पण त्याचा मध फिकट, सौम्य आणि स्वस्त, त्यामुळे पाया म्हणून उत्तम. निलगिरीला औषधी, मेन्थॉलसारखी छटा असते. मला ती मीडमध्ये आवडत नाही, पण हा आवडीचा प्रश्न आहे. बकव्हीट फार जपून वापरा. त्याला काकवीचा आणि गोठ्याचा वास असतो. एकूण मधाच्या दहा टक्क्यांवर गेलात, तर बाकीच्या मधांचं काही कळणारच नाही. आणि कुणी बदामाच्या फुलांचा मध स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. तो कडू असतो, आमच्याकडे तो बहुधा पोळ्यातच राहू देतात.

समप्रमाण तर मुळीच नको. चार बोलके मध एकत्र आले की एकाचंही नाव घेता येत नाही. एक पाया निवडा: अडीच पौंड स्टार थिसल, पाणी घालून एकूण एक गॅलन. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) 1.090 च्या आसपास दाखवेल आणि पूर्ण कोरडी झाली, म्हणजे सगळी साखर आंबली, की बारा टक्क्यांच्या जवळपास मद्यार्क. मध उकळू नका, वास वाफेबरोबर जातो. घट्ट बसला असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा. यीस्टच्या प्रकारांपैकी 71बी घ्या. डी-47 सुद्धा छान, पण त्याला 20 अंश सेल्सिअसच्या खालची खोली लागते आणि आपल्या उन्हाळ्यात ते अवघड आहे.

संत्र्याचा मध राखून ठेवा. तो शेवटी, वरून घेतलेल्या फोडणीसारखा घालायचा आहे.

सॅक्रामेंटोहून:

काका, आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी मध सुरुवातीलाच मिसळतो: दोन भाग संत्र्याचा, एक भाग रानफुलांचा गडद मध. एकत्र आंबले की चवी एकजीव होतात, नंतर घातलेला मध वेगळा तरंगतो असं मला वाटतं. शिवाय गडद मधात खनिजं आणि नायट्रोजन जास्त. फिकट मधावर यीस्ट उपाशी राहतं, आम्लता झपाट्याने वाढते आणि अर्ध्यावर फसफस थांबते.

ताईंना अजून एक सुचवतो. यूसी डेव्हिसच्या हनी अँड पॉलिनेशन सेंटरने 2014 मध्ये मधाच्या चवींचं एक चक्र काढलं आहे. ते समोर ठेवून हुंगलं की नुसतं ‘छान’ म्हणण्यापलीकडे जाता येतं.

आणि जांभळाचं काय? त्याबद्दल काकांनी काहीच लिहिलं नाही.

फ्रेस्नोहून:

दादा, यीस्टच्या उपासमारीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण त्यावर गडद मध हा उपाय मला पुरेसा वाटत नाही, कोणत्याही मधात नायट्रोजन कमीच असतो. फर्मेड-ओसारखं पोषक चार हप्त्यांत द्यावं: 24, 48 आणि 72 तासांनी, आणि चौथा हप्ता एक तृतीयांश साखर संपली की. तुमची पद्धत चुकीची नाही. मात्र सुरुवातीला मिसळलेलं परत काढता येत नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्या माणसाला कोणत्या मधाने काय दिलं हे कळायला हवं. उरलेल्या मधातून एक छोटी बरणी तुमच्या पद्धतीने लावली, तर ताईंना दोन्ही शेजारी ठेवून पिता येतील.

शेवटचं मिश्रण मी असं करतो. फसफस थांबून साका खाली बसला की निवळ मीड दुसऱ्या बरणीत काढायची आणि काचेसारखी स्वच्छ होईपर्यंत काही महिने थांबायचं. मग पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट, दोन्ही. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, म्हणून गढूळ मीडमध्ये ते घालून उपयोग नाही. ही पायरी वगळून मध घातलात तर बंद बाटलीत पुन्हा फसफस सुरू होईल आणि बाटली फुटेल. यात हयगय नको.

त्यानंतर पाच पेल्यांत 100-100 मिली मीड घ्या. एक तसाच ठेवा. दोघांत संत्र्याचा मध 2 आणि 4 ग्रॅम, चौथ्यात 3 ग्रॅम संत्र्याचा आणि अर्धा ग्रॅम बकव्हीट, पाचव्यात 3 ग्रॅम जांभळाचा. पेल्यांखाली चिठ्ठ्या चिकटवा आणि घरातल्यांना न सांगता प्यायला द्या. जो जिंकेल त्याचा हिशेब बरणीला लावा: 100 मिलीला 3 ग्रॅम, तर साडेतीन लिटरला 105 ग्रॅम.

जांभळाचा मध याच पायरीसाठी आहे. तो गडद आणि जरा कडवट असतो. पायाला वापरलात तर गोडी जाऊन कडवटपणा उरेल, शेवटी घातलात तर दोन्ही राहतील. महाबळेश्वरकडे पेट्यांमध्ये सातेरी मधमाश्या पाळतात, आणि सातेरीच्या मधात पाण्याचा अंश इथल्या मधापेक्षा बऱ्याचदा जास्त असतो. म्हणून तो वजनाच्या भरवशावर घालू नका, हायड्रोमीटर बघा. बाटलीवर कारवीचं नाव असतं, तर मी ती मीडसाठी उघडूच दिली नसती. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तो मध चमच्यानेच खावा.

आपल्याकडेही आता हे काम गंभीरपणे होतं याचा मला फार आनंद आहे. पुण्यात मूनशाइन 2018 पासून मीड करते आणि नाशिकच्या सेराना मीड्सने तर नावच आपल्या सातेरीच्या शास्त्रीय नावावरून घेतलंय. भारतात गेलात तर सेरानाची जांभळाची मीड जरूर चाखा. त्यात जांभूळ हे फळ आहे, फुलांचा मध नव्हे. तुमच्या पाचव्या पेल्याशी ताडून बघायला चांगली.

यंदाचा संत्र्याचा मध नुकताच निघालाय. आत्ताच तीन पौंड घेऊन झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा, सप्टेंबरात चांगला मिळेलच असं नाही.