कक्षेच्या बाबतीत ‘अनुनाद’ चालेल का?

गंगापूररोड: शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी उपग्रहांवरचा मजकूर मराठीत करतेय, ‘रेझोनन्स’पाशी अडलंय. पृथ्वी स्वतःभोवती एकदा फिरेपर्यंत उपग्रहाच्या बरोबर १५ प्रदक्षिणा झाल्या, की तो रोज त्याच पट्ट्यांवरून जातो. तिथल्या गुरुत्वातला बारीक कमीजास्तपणा एरवी सरासरीत विरून जातो. इथे मात्र ओढ रोज त्याच दिशेने बसत राहते आणि कक्षेचा कल मोजता येईल इतका सरकतो. त्यावरून गुरुत्वक्षेत्राचे आकडे काढतात. मी ‘अनुनाद’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडलं, म्हणाले अंतराळात नाद कुठला?

पंचवटीकर: सरांचं बरोबर आहे. नाद म्हणजे ध्वनी. ‘अनुस्पंदन’ घ्या, मला तोच शब्द शिकवला होता.

येवलेकर: नाद ध्वनीपुरता कुठे राहिलाय? संक्रांतीला आमच्या येवल्यात पोरांना पतंगाचा नाद लागतो, त्यात आवाज कोणता? रेडिओच्या सर्किटलाही अनुनाद म्हणतातच की. आणि उपग्रह स्पंदतो कुठे, तो तर फिरतो.

पंचवटीकर: स्पंदतो! भूस्थिर उपग्रह म्हणजे एकास एक रेझोनन्स, पृथ्वीच्या एका फेरीत त्याची एक प्रदक्षिणा. विषुववृत्त नेमकं वर्तुळ नाही, त्यामुळे ते जागचे सरकतात. १९६३ च्या सिन्कॉम-२ या दळणवळण उपग्रहाच्या सरकण्यावरून हे मोजता आलं. बंद पडलेले कित्येक उपग्रह ७५ अंश पूर्व रेखांशाच्या आजूबाजूला वर्षानुवर्षं मागेपुढे झुलत असतात. तो रेखांश नाशिकपासून साधारण सव्वा अंश पूर्वेला. हे स्पंदन नाही तर काय?

तबल्याचा विद्यार्थी: ‘समेवर येणे’ का नको? पंधरा मात्रांची पंचम सवारी वाजवणाऱ्याला पंधरा प्रदक्षिणांचं गणित लगेच कळेल. ‘समावर्ती कक्षा’ म्हणा.

गंगापूररोड: शब्द गोड आहे, पण समेवर आलं म्हणजे सगळं जुळलं असं वाटतं. २००४ मध्ये गुरुत्व मोजणारे ‘ग्रेस’ मोहिमेचे जुळे उपग्रह उतरत उतरत ४ दिवसांत ६१ फेऱ्यांच्या कक्षेतून गेले. तेच ते पट्टे पुन्हा तुडवले गेले, मधली जमीन सुटली, आणि त्या काळातले गुरुत्वाचे नकाशे भरड निघाले. एका कामाला जे उपयोगी, ते दुसऱ्या कामाला बाधक. शब्दात कौतुक नको.

सिडको: मग सरळ ‘रेझोनन्स’ लिहा. मुलांना पुढे तोच भेटणार आहे.

पंचवटीकर: याच न्यायाने सगळंच सोडून द्यावं लागेल. ‘कक्षा’ तरी कशाला ठेवायचा?

निफाड: ‘समावर्ती’ ऐकून आमच्याकडे कुणालाही पाटाचं आवर्तन आठवेल. धरणातून आवर्तन सुटलं की द्राक्षवाले रात्री बॅटऱ्या घेऊन बांधावर जातात. शब्द आधीच कामाला लागलाय, त्याच्यावर दुसरा भार नको.

येवलेकर: आवर्तन हा पेपरातला शब्द. शेतकरी रोटेशन म्हणतो.

निफाड: माझे वडील ‘पाळी’ म्हणायचे. शेजपाळी ऐकलीय का? शेजाऱ्याचं भिजलं की पुढच्याची पाळी.

सिडको: आमच्या सटाण्याला ‘बारी’. पाळी म्हटलं तर आजी रागावायची.

निफाड: बारी विहिरीच्या पाण्याला. पाटाला पाळीच.

सिडको: मोसम नदीकाठच्या फडांवर, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांवर, पाटाचंच पाणी आहे आणि तिथेही आम्ही बारीच म्हणतो. या एकदा, ऐकवतो.