ॲक्शन थ्रिलर: कुठला सीन अंगावर आला आणि कुठला नुसता डोळ्यांसमोरून गेला?

परवा रात्री एक नवा ॲक्शन पिक्चर लावला, पहिल्या वीस मिनिटांत तीन बिल्डिंगा उडाल्या आणि माझा हात आपोआप मोबाईलकडे गेला. मग तो बंद करून डाय हार्ड लावला, १९८८चा, शाळेत असताना पहिल्यांदा बघितलेला. ब्रूस विलिस अनवाणी काचांवरून जातो आणि नंतर बाथरूममध्ये बसून तळपायातल्या काचा उपसत वॉकीटॉकीवर बोलत असतो, तो सीन आला की आजही मी पाय वर घेऊन बसतो. त्या टॉवरमध्ये स्फोट होतात, हेलिकॉप्टर जळून पडतं, पण इतक्या वर्षांनी डोक्यात काय राहिलंय तर तळपाय! माझं पक्कं मत झालंय की हिरोला लागलं पाहिजे आणि ते पुढच्या सीनमध्येही दुखत राहिलं पाहिजे. याला काही होणारच नाहीये हे एकदा कळलं की मग शंभर जण अंगावर आले काय आणि हजार आले काय.

तुमचे अनुभव लिहा, सिनेमा सिरीज काहीही चालेल. फक्त "भारी आहे" एवढंच नको, नेमकं काय भिडलं किंवा कुठे मन उडालं ते लिहा.

—

मला कॅमेरा हलला की गरगरतं. बोर्न अल्टिमेटम (२००७) थिएटरमध्ये अर्धा टाकून बाहेर येऊन बसलो होतो, मित्र चिडले होते. नंतर घरी लहान स्क्रीनवर बघितला तेव्हा त्यातली मोरोक्कोतल्या टँजिअर शहरातली मारामारी काय चीज आहे ते कळलं, म्युझिक बंद, नुसते श्वास आणि भिंतीवर आपटण्याचे आवाज. त्याला एडिटिंगचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. पण त्याच्या मागून जी नक्कल सुरू झाली ना, तिने वाट लावली. टेकन ३ मध्ये लियाम नीसन एक साधं जाळीचं कुंपण ओलांडतो तर त्याला डझनभराहून जास्त कट! माणूस चढला कधी, उतरला कधी, काही पत्ता नाही.

त्या भीतीने मॅड मॅक्स फ्युरी रोड बरेच दिवस बघितलाच नव्हता. बघितला आणि एकदाही गरगरलं नाही. कट भराभर आहेत पण जी गोष्ट बघायची ती प्रत्येक शॉटमध्ये फ्रेमच्या मधोमध ठेवलीय, त्यामुळे डोळ्यांना शोधाशोध करावीच लागत नाही. एडिटिंग मार्गारेट सिक्सेलचं, तिलाही ऑस्कर मिळालं त्याचं.

—

माझा अनुभव जरा वेगळा आहे, लांबेल. बाबांची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. त्यांना ॲक्शन पिक्चरचं भयंकर वेड, ते काही सुटलं नाही, मग मी शेजारी बसून सांगते, म्हणजे कोण कुठून आला, कुणाच्या हातात काय आहे, दार कुठल्या बाजूला आहे असं सगळं. आणि हे करता करता मला एक गोष्ट कळली की जो सीन नीट केलेला असतो तो सांगता येतो. स्पीड नावाच्या पिक्चरमध्ये बस ताशी ५० मैलांच्या खाली आली की बॉम्ब फुटणार, एवढं एक वाक्य सांगितलं की बाबा पुढचा सगळा वेळ नुसत्या इंजिनाच्या आवाजावर सीटच्या टोकाला बसून असतात. याउलट काही पिक्चर असे आहेत की मी "हा... नाही थांबा, तो दुसरा... पडला कोणीतरी" असंच बडबडत राहते, आणि मग बाबाच म्हणतात, सोड, त्यांनाच माहीत नाहीये कोण पडलं ते.

त्यांचा सगळ्यात आवडता हीट (१९९५). बँकेवरच्या दरोड्यानंतर भर रस्त्यात जो गोळीबार होतो, त्यात दिग्दर्शक मायकल मानने शूटिंगच्या वेळी तिथेच रेकॉर्ड झालेला बंदुकांचा आवाज ठेवलाय, नंतर स्टुडिओत बदलला नाही. उंच इमारतींमधून तो आवाज आपटून परत येतो. पहिल्यांदा हेडफोन लावून दिले तेव्हा बाबांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, तू बोलू नकोस, रस्ता किती रुंद आहे ते मला ऐकू येतंय. मी तो सीन आधी चारपाच वेळा बघितलेला होता आणि मला हे कधी जाणवलंच नव्हतं.

—

वरचं वाचून गलबलून आलं, बाबांना नमस्कार सांगा.

मी नर्स आहे, अपघात विभागात. माझी तक्रार एकच, डोक्यात दांडा घालून माणूस अर्धा तास बेशुद्ध आणि मग उठून मान झटकून पळायला लागतो. अहो, इतका वेळ शुद्ध हरपली म्हणजे मेंदूला मार लागल्याची मोठी शंका, ताबडतोब स्कॅन! तसंच खांद्याला गोळी लागणं म्हणजे काहीच नाही असं दाखवतात, तिथून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसांचं जाळं जातं, हात कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. दुखणं खरं दाखवा, भीती आपोआप खरी होते.

—

मी सिरीजवाली. २४ (२००१) बघितलीत का कोणी? एक एपिसोड म्हणजे गोष्टीतला एक तास, चोवीस एपिसोडचा एक दिवस, आणि ब्रेकच्या आधी ते घड्याळ टिकटिकायचं, तो आवाज आजही कुठे ऐकला तर पोटात गोळा येतो. हल्लीच्या सिरीजमध्ये मला हेच मिळत नाही. दोन तासांच्या पिक्चरची गोष्ट आठ एपिसोडमध्ये ताणतात, मधले चार एपिसोड लोक गाडीत बसून आपला भूतकाळ एकमेकांना सांगतात.

अपवाद डेअरडेव्हिल. पहिल्या सीझनच्या दुसऱ्याच एपिसोडमधली कॉरिडॉरची मारामारी एका सलग शॉटसारखी आहे, आणि त्यात हिरो दमतो. भिंतीला टेकतो, पुन्हा उठतो, ठोसा मारताना त्याचाच तोल जातो. पडलेले गुंडही तसेच कण्हत परत उठतात. हे सगळं एका लहान मुलाला सोडवायला चाललंय, त्यामुळे प्रत्येक दमलेल्या ठोशाला काहीतरी किंमत आहे.

—

थोडा असहमत आहे. प्रत्येक वेळी वेदनाच कशाला, कौशल्य बघण्यातही थ्रिल असतं. मी आठ वर्षं ज्युडो खेळलो, जॉन विक (२०१४) बघताना किआनू रीव्हजची पकड बघूनच ओळखलं की या माणसाने मॅटवर घाम गाळलाय. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की आधी मेट्रिक्समध्ये त्याचाच स्टंट डबल, म्हणजे धोक्याचे सीन त्याच्या जागी करणारा, होता, म्हणून त्याला माहीत आहे की समोरचा खरंच चांगला करत असेल तर कॅमेरा मागे घ्यायचा आणि गप्प बघू द्यायचं. गोळ्या संपतात, मॅगझिन बदलावं लागतं, तेवढ्यात हाताशी कोणी आला तर त्याला कंबरेवरून फेकायचं, ही लय मला गाण्यासारखी वाटते.

—

(धागाकर्ता) ज्युडोवाल्यांचं पटलं, माझं मत तेवढ्यापुरतं सैल करतो. स्टंटवाल्यांचा विषय निघालाच आहे तर, ऑस्करमध्ये स्टंट डिझाईनला स्वतंत्र पुरस्कार आता कुठे जाहीर झालाय, तोही २०२७च्या सिनेमांपासून, म्हणजे हातात पडणार २०२८च्या शंभराव्या सोहळ्यात. इतकी वर्षं लोकांनी हाडं मोडून घेतली आणि त्यांच्यासाठी वेगळं खातंच नव्हतं, याचा मला मनापासून राग येतो. मिशन इम्पॉसिबल फॉलआउटमध्ये उडी मारताना टॉम क्रूझचा घोटा मोडला तर जगभर बातमी झाली, तो शॉट पिक्चरमध्येही आहे. पण डबलचं काही मोडलं तर कोणाला कळतं?

हीटवाल्या ताई, बाबांना फ्युरी रोड सांगून बघा ना एकदा.

—

काल लावला. सुरुवातीला मी सांगत होते, कुठली गाडी पुढे, कोण टपावर, कोण बांबूवर लटकून येतोय. मग ते ढोल सुरू झाले, रणगाड्यासारख्या ट्रकवर रांगेने ढोल बडवत येतात तो सीन. बाबांनी व्हॉल्यूम वाढवायला सांगितला, आणि जरा वेळाने विचारलं, "हे आपल्या मागून येतायत ना?"

हो, मागूनच येत होते.