आळंदीची चार वर्षं आणि पाकीट

विणेकऱ्याचा नातू:
काल इथे एकानं लिहिलं, 'इंजिनिअरिंग करून बेकार फिरण्यापेक्षा चार वर्षं आळंदीत काढा, कीर्तनकार महाराज व्हा, कीर्तनाला लाखाचं पाकीट.' या गृहस्थांनी आळंदी यूट्यूबवरच पाहिली असावी. माझा धाकटा भाऊ तिथे शिकला. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचा पाठ, झोळी घेऊन माधुकरी, संध्याकाळी हरिपाठ. विचारसागर हा वेदान्ताचा ग्रंथही झाला. बाहेर पडून नऊ वर्षं झाली. सप्ताहाच्या तारखा मोजक्याच, त्याही श्रावणात. एरवी दशक्रियेचं प्रवचन, एक हजार एक आणि नारळ. पेट्रोल पदरचं. चार गाजलेल्या महाराजांवरून सगळ्यांचा भाव काढू नका.

गाथेकर:
भाव हा शब्दच चुकीचा. तुकोबांनी केव्हाच सांगून ठेवलंय, 'जेथें कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें.' शेवटही वाचा, 'तुका म्हणे द्रव्य घेती, देती तेही नरका जाती.' विष्णुबुवा जोगांनी १९१७ला आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती नोकऱ्या लावायला नव्हे.

विणेकऱ्याचा नातू:
देणारेही नरकात, म्हणजे तुमची सप्ताह कमिटी पहिली. हा अभंग मंडपवाल्याला ऐकवलात कधी?

धुमेची कणीक:
महाराजांचं सोडा हो, त्यांना निदान पाकीट तरी मिळतं. मी मृदंगावर. धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावायची, सूर जुळवायचा, नऊ ते अकरा बोटं फुटेस्तोवर वाजवायचं. कीर्तन संपलं की महाराज गाडीत आणि मला 'माउली, पुढच्या वेळी बघू.' मृदंगाची चामड्याची पुडी काय पुढच्या वेळी फुटते?

उभा टाळकरी:
आणि आम्ही? जीप भरून आणायचं, दोन तास उभं करायचं, हातावर दीडशे. शिकून निघालेली बरीच पोरं इथेच अडकतात, हे कुणी लिहीत नाही.

गाथेकर:
टाळकऱ्यानं पैसे मागायचे? मी तीस वर्षं फुकट उभा राहतोय!

धुमेची कणीक:
मास्तर, तुम्हाला पेन्शन आहे. पोट भरलेल्याला फुकटाची सेवा परवडते.

गाथेकर:
पेन्शन काढायचं कारण नव्हतं. तोंड सांभाळा.

पुतण्याची काकू:
भांडा तुम्ही. आम्ही पुतण्यासाठी स्थळं बघतोय. 'मुलगा काय करतो?' 'कीर्तन.' 'ते झालं हो, पण करतो काय?' तिसऱ्या घरी मीच सांगितलं, शेती करतो. दीड एकर.

सप्ताहाचा खजिनदार:
सगळे कमिटीवर घसरताय म्हणून सांगतो. गेल्या साली हट्टानं गावच्याच पोराला काल्याचं, म्हणजे शेवटच्या दिवसाचं कीर्तन दिलं. बोलला झकास, पण मंडप अर्धा रिकामा. यंदा घरोघरी पहिला प्रश्न, 'महाराज कोण?' नाव मोठं नसेल तर वर्गणीची पावती फाटत नाही. मोठ्या नावाचं पाकीट भरलं की बाकीच्यांना उरतं काय?

विणेकऱ्याचा नातू:
म्हणजे नरकाची वर्गणी गावच गोळा करतं. बरं झालं, कबूल केलंत.

गाथेकर:
माझं मत बदललेलं नाही. तरी... श्रावणात आमचा मृदंगवाला मुलीकडे जाणार आहे. कणीकवाले, याल का? पाकीट देऊ. मग नरकात तुम्ही वाजवा, मी टाळ धरतो.

धुमेची कणीक:
तारीख सांगा. गाडीभाडं आधी.