पागडीची चाळ पडायला येईपर्यंत कोणीच का हलत नाही?

लालबागकर (प्रश्न)
मुंबईतल्या पागडीच्या चाळी, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या खोल्या. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचं (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचं) दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. नोटिसा चिकटतात, टेकू लागतात, गणपतीपर्यंत सगळं थंड. भाडेकरूला घर हवं, मालकाला पैसा हवा, सरकारला दुर्घटना नको. मग अडतं कुठे? 'सगळे चोर' हे उत्तर नको, हिशेब सांगा.

चटईक्षेत्र
भाड्यापासून सुरुवात करा. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधलं. सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात (डिसेंबर १९९७) ही गोठवणूक अवाजवी ठरवली; पण कायद्याची मुदतच संपत आलेली, म्हणून तरतुदी रद्द केल्या नाहीत. मग १९९९चा कायदा, ३१ मार्च २०००पासून लागू. एकदाच ५ टक्के वाढ, पुढे वर्षाला ४ टक्के. तेव्हाचे ४० रुपये असतील तर ४२, आणि चक्रवाढीने धरलं तरी पंचवीस वर्षांनी ११२च्या आसपास. एवढ्यात प्लंबर जिनाही चढणार नाही.

मालकाची खरी मिळकत खोली दुसऱ्याच्या नावावर होताना: नव्या भाडेकरूने मोजलेल्या रकमेतला रिवाजाने साधारण एक तृतीयांश. कलम ५६ने ही पागडीही कायदेशीर केली. दुरुस्तीत घातलेला रुपया बुडीत, नाव बदललं की लाखो.

आणि गंमत बघा. याच कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं. चाळीला हात लावला नाही. कंपनी मतदान करत नाही. एका मालकासमोर साठ-सत्तर बिऱ्हाडं मात्र करतात.

खांब_तुळई
भाड्यातून दुरुस्ती होईना म्हणून १९६९च्या कायद्याने उपकर (अशा जुन्या इमारतींवरचा दुरुस्तीसाठीचा कर) आणि दुरुस्ती मंडळ आलं. पण मंडळाच्या खर्चाला चौरस मीटरमागे कमाल मर्यादा. वरचे पैसे भाडेकरूंनी जमवायचे.

आता प्रत्यक्षात कुजतं काय? सामाईक संडास-मोरीचं पाणी भिंतीत मुरतं आणि सागवानी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पोकळ होतं. मधला भाग ठणठणीत दिसतो. ते बदलायचं तर मजला टेकूवर घ्या, लादी उखडा, तीन-चार बिऱ्हाडं हलवा. त्याचा नारळ कोण फोडणार? म्हणून आमदार निधीतून जिन्याला लादी, पॅसेजला रंग आणि दारावर फलक. कुजक्या तुळईवर नव्या लादी-कोब्याचं वजन वाढतं ते वेगळंच.

तेहेतीस_सात
पुनर्विकासाचं गणितही तसंच. विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमात एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते) ३, किंवा पुनर्वसनाला लागणारं क्षेत्र अधिक त्याच्या ५० टक्के, यात जास्त असेल ते. दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर ६० टक्के. बिऱ्हाडं जितकी जास्त, तितकी बिल्डरला विकायला जागा जास्त! एका खोलीच्या तीन भाडेपावत्या झाल्या नसत्या तरच नवल. म्हणून १३ जून १९९६ ही तारीख आहे. त्यानंतर निर्माण केलेली भाडेदारी धरत नाहीत आणि यादी मंडळ प्रमाणित करतं.

खोली रिकामी केली की भाडेकरूच्या हातातला हुकमाचा पत्ता गेला. त्याआधी प्रमाणित यादीत नाव, पर्यायी जागेचा प्रत्येकाचा नोंदणीकृत करार आणि बाहेरच्या भाड्यापोटी बँक गॅरंटी हातात हवी. नुसत्या पुढच्या तारखेच्या चेकवर राहू नका. पुनर्वसन इमारतीच्या ओसीशिवाय (भोगवटा प्रमाणपत्राशिवाय) विक्रीच्या इमारतीला ओसी मागायची नाही, हे करारात घाला. भाडं थकतं ते बिल्डरचं लक्ष विक्रीच्या टॉवरकडे वळल्यावर.

लालबागकर
आणि मालकच बसून राहिला तर?

चटईक्षेत्र
म्हाडा कायद्याचं कलम ७९(अ). कायद्यातल्या या दुरुस्तीला २०२२च्या शेवटी मंजुरी मिळाली. पालिकेची ३५४ची (धोकादायक इमारतीची) नोटीस निघाली की मालकाला सहा महिने, नंतर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, तरीही प्रस्ताव नसेल तर म्हाडा संपादन करू शकते. साहजिकच आता सगळी ओढाताण 'धोकादायक' या शेऱ्यावर आहे. एकाच इमारतीचे दोन स्ट्रक्चरल ऑडिट येतात, एकात सी-१ (अतिधोकादायक, पाडण्याजोगी), दुसऱ्यात 'दुरुस्तीयोग्य', आणि वाद पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातो. तुमच्या अहवालात तुळईची टोकं भिंत फोडून पाहिल्याचे फोटो आहेत का ते आधी बघा. नुसत्या बाहेरच्या तड्यांचे असतील तर समितीपुढे तो टिकवणं कठीण.