स्टॅट मेजर नक्की, मायनर गणित घेऊ की कॉम्प्युटर? ऑनर्स विथ रिसर्च करायचंय

माणदेशी_मुलगी:
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजला बीएस्सी करतेय, एफवाय संपत आलंय. पहिल्या वर्षी स्टॅट, मॅथ्स आणि कॉम्प्युटर सायन्स असे तीन विषय होते, आता एसवायला जाताना एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (जोडविषय) आणि तिसरा सुटणार. मेजर स्टॅट घेणार हे नक्की, त्यात मला खरंच मजा येते. मायनरचं कळेना. सगळ्या मैत्रिणी म्हणतात कॉम्प्युटर घे, नोकरी मिळते, आणि गणिताचं नाव काढलं की सगळे नको नको म्हणतात.
मला चौथं वर्ष करायचंय, ऑनर्स विथ रिसर्च, आणि पुढं जमलं तर पीएचडी. सेम १ ला ७८ टक्के आहेत. घरी मात्र पप्पा विचारतात की तीन वर्षांत डिग्री हातात येते तर चौथं कशाला, आणि मला नीट उत्तर देता येत नाही. क्रेडिटचं कोष्टक नोटीस बोर्डवर लावलंय पण ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी हे काय आणि कधी घ्यायचं ते कुणी बसून समजावलं नाही. फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचाय. प्लीज सांगा.

सेम_सहा:
मी ऑटोनॉमस कॉलेजचा, आमच्याकडे २०२३ लाच एनईपी, म्हणजे नवीन शैक्षणिक धोरण, लागू झालं त्यामुळे आम्ही पहिलीच बॅच आणि आम्हाला विचारायला सीनियरच नव्हते. म्हणून जे उशिरा कळलं ते तुला आधी सांगतो.
ऑनर्स विथ रिसर्चला पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के लागतात. सहाही सेमिस्टर, म्हणजे तुझं एफवाय पण त्यात मोजलं जाणार. आमच्या वर्गातला एक जण मेजरमध्ये कायम पहिला, आणि ७३ वर अडकला. कारण काय तर दोन-दोन क्रेडिटचे जे छोटे कोर्स असतात, आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), व्हॅल्यू एज्युकेशन, भाषेचा एईसी (एबिलिटी एन्हान्समेंट कोर्स), त्याचा त्याने अभ्यासच केला नाही, नुसता पास होत गेला. सेमिस्टरचे २२ क्रेडिट धरले तर सुरुवातीला मेजरचे त्यात निम्मे पण नसतात, बाकी सगळं हेच छोटं छोटं. तिथं मार्क सोडू नकोस, चार दिवस नीट वाचलं तरी मिळतात ते.
ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो सायन्सच्या बाहेरचा घ्यावा लागतो. जो लिहायला जमेल तो घे, मी इकॉनॉमिक्सचा घेतला आणि तो स्टॅटला उपयोगी पण पडला. मायनरबद्दल सर लोकांपैकी कुणीतरी सांगा.

आकडेमास्तर:
मी स्टॅट शिकवतो, १४ वर्षं झाली. बाळा, गणित घे.
का ते सांगतो. तू माण भागातली दिसतेस म्हणून तुझ्याच गावचं उदाहरण घेऊ. समज चौथ्या वर्षी तू प्रोजेक्टला पावसाचा विषय घेतलास. तालुक्याचा रोजचा पाऊस, जून ते सप्टेंबर, तीस वर्षांचा. पहिला साधा प्रश्न, आज कोरडा दिवस गेला तर उद्याही कोरडा जायची शक्यता किती? कोरडा आणि ओला अशा दोन अवस्था, त्याचा चार आकड्यांचा एक मॅट्रिक्स होतो, याला मार्कोव्ह चेन म्हणतात. आता पेरणीनंतर सलग दहा दिवस पाऊस नाही आला तर पीक जातं, त्याची शक्यता काढायची तर हे आकडे कुठून आणि कसे गुणायचे ते कळलं पाहिजे, आणि बऱ्याच पुढच्या दिवसाचं सांगायचं तर मॅट्रिक्सचे घात करावे लागतात, म्हणजे लिनिअर अल्जेब्रा आलं. मग पाऊस पडला त्या दिवशी किती पडला त्याला गॅमा वितरण बसवायचं तर मॅक्झिमम लाइकलिहूड, म्हणजे हातातला डेटा मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त होईल अशी किंमत शोधायची, तिथं कॅल्क्युलस आलं. आणि डेटा वाढला की उत्तर खऱ्या किमतीकडे जातंच हे सिद्ध करायला गेलीस की रिअल अ‍ॅनालिसिस. कॉम्प्युटर हे सगळं एका सेकंदात करून देतो, पण दिलेलं उत्तर बरोबर आहे की चूक हे ओळखायला गणितच लागतं.
कॉम्प्युटर सोडायचा नाही, तो दुसऱ्या दारानं आणायचा. व्हीएससी म्हणजे व्होकेशनल स्किल कोर्स, तो मेजरला धरूनच असतो, तिथं आर किंवा पायथन मिळतंय का बघ. एसईसी, म्हणजे स्किल एन्हान्समेंट कोर्स, पण तसाच वापर. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचे प्रोग्रॅमिंगचे चांगले कोर्स आहेत, असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. फक्त क्रेडिट जोडून हवे असतील तर नाव नोंदवायच्या आधी कॉलेजची लेखी परवानगी घे, नंतर पळापळ होते. रिअल अ‍ॅनालिसिस मात्र एकटीनं घरी बसून शिकणं फार अवघड, त्याला फळा आणि शिकवणारा माणूस लागतो.
एमएस्सी प्रवेशाच्या आयआयटी जॅम परीक्षेतल्या मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात आणि आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एमस्टॅटच्या प्रवेश परीक्षेत पण गणित चांगलंच विचारतात.
अजून एक. पां. वा. सुखात्मे तुझ्याच जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. पिकाचा अंदाज नमुना घेऊन कसा काढायचा यावर त्यांनी मोठं काम केलं आणि पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. मी दरवर्षी वर्गात पहिल्या दिवशी त्यांचं नाव घेतो.

पुणे_५२:
पप्पांसाठी उत्तर. तीन वर्षं अधिक दोन वर्षांची एमएस्सी म्हणजे पाच, चार वर्षं अधिक एक वर्षाची एमएस्सी म्हणजे पण पाच. जास्तीचं वर्ष जात नाहीये. आणि चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणं थेट पीएचडीला अर्ज करता येतो, नेट पण देता येते, आरक्षित गटांना ५ टक्के सवलत आहे. मध्येच अडचण आली तर तिसऱ्या वर्षानंतर डिग्री घेऊन बाहेर पडता येतंच आणि क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, सात वर्षं राहतात. माझी मुलगी याच फेऱ्यातून गेली म्हणून माहिती. पप्पांना हा हिशोब कागदावर लिहून दाखव, तोंडी सांगून आम्हा आईबापांना पटत नाही.

माणदेशी_मुलगी:
सर, काका, दादा खूप खूप आभार. पावसाचं वाचून अंगावर काटा आला, आमच्या मटकीचं दोन वर्षं असंच झालं. गणितच भरते. पण एक भीती आहे, आमच्या विभागात दोनच सर आहेत, त्यातले एक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. इथं रिसर्च होईल का?

आकडेमास्तर:
हा प्रश्न आत्ताच विचारलास ते फार बरं केलंस. विभागाला मान्यताप्राप्त रिसर्च सेंटर आहे का ते एचओडींना आजच विचार. नसेल तर चौथ्या वर्षाला दुसरीकडे जावं लागेल, आणि त्याची तयारी टीवायच्या दिवाळीपासून, हॉस्टेलचा खर्च धरून. रिसर्च प्रोजेक्टचे १२ क्रेडिट असतात, सेम ७ ला ४ आणि सेम ८ ला ८, शिवाय सेम ७ ला रिसर्च मेथडॉलॉजी. तेव्हा विषय शोधत बसलीस तर सेम ७ असंच जाईल. म्हणून एसवायला जो फील्ड प्रोजेक्ट येतो तो पावसावरच कर. तहसील कार्यालयात, कृषी विभागात जाऊन नोंदी कशा ठेवतात ते बघ, कुठल्या दिवसांच्या नोंदी गाळल्यात ते वहीत लिही. ती वही घेऊन गाइडकडे गेलीस तर कुठलाही गाइड तुला बसवून घेईल.
फॉर्म भरलास की इथं कळव. आणि एसवायची लिनिअर अल्जेब्राची अडलेली गणितं खुशाल टाक, मी रात्री नऊनंतर असतो.

सेम_सहा:
सर मी पण टाकू का? मला सेम ७ ला लागणारच आहेत.

आकडेमास्तर:
टाक की.