निसटता, काठावरचा, चुरशीचा : कोणत्या विजयाला कोणते विशेषण?

प्रश्न (दादर) :

आमच्या क्रीडा मंडळाच्या वार्षिक अंकाची मुद्रिते तपासत असताना एक पेच पडला आहे. आमच्या संघाने कबड्डीचा एक सामना एका गुणाने जिंकला. त्याचा उल्लेख एका लेखकाने ‘निसटता विजय’ असा केला आहे, दुसऱ्याने ‘काठावरचा विजय’ असा, तर तिसऱ्याने ‘चुरशीचा विजय’ असा. वर्तमानपत्रांत निवडणुकीच्या निकालांसाठीही हीच तीन विशेषणे आलटून पालटून येतात. ती समानार्थी मानावीत काय? शिवाय ‘विजय निसटला’ म्हटले की हार होते आणि ‘निसटता विजय’ म्हटले की जीत होते, हे कसे? जाणकारांनी खुलासा करावा.

प्रतिसाद (गिरगाव) :

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण बाकीचा उलगडा त्यातूनच होतो. ‘वाहता झरा’, ‘जळता दिवा’ या प्रयोगांत क्रिया चालू असते, संपलेली नसते. त्याच न्यायाने ‘निसटता विजय’ म्हणजे हातातून निसटू लागलेला, परंतु निसटून न गेलेला विजय. क्रिया पूर्ण झाली की तो ‘निसटलेला विजय’ होतो आणि पदरी हार येते. दोन्हींचा धातू एकच आहे. फरक आहे तो क्रिया कोठवर गेली याचा.

म्हणजेच ‘निसटता’ हे विशेषण विजय कसा आला ते सांगते, किती फरकाने आला ते सांगत नाही. फरक लहान असणे हा त्याचा बहुधा दिसणारा परिणाम आहे, अर्थ नव्हे. माझा सारा आग्रह एवढ्याच मुद्द्यासाठी आहे आणि तो तीन सामन्यांच्या आधारे मांडतो.

मे १९९१ मध्ये वानखेडे स्टेडियमवर झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात हरयाणाने मुंबईसमोर ३५५ धावांचे लक्ष्य ठेवले होते. सुरुवातीचे तीन गडी ३४ धावांत गेल्यानंतर सचिन तेंडुलकरने ९६ धावा केल्या आणि दिलीप वेंगसरकरने एक बाजू लावून धरली. अखेरच्या जोडीने तर जिंकण्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवले. परंतु अ‍ॅबी कुरुविला धावबाद झाला, डाव ३५२ वर आटोपला आणि वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिला. मुंबई दोन धावांनी हरली. हा निसटलेला विजय, आणि मुंबईच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना त्याची हळहळ अजून वाटते.

नोव्हेंबर २००४ मध्ये त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाला कसोटी जिंकण्यासाठी केवळ १०७ धावा हव्या होत्या. त्यांचा डाव ९३ वर संपला आणि भारत १३ धावांनी जिंकला. वर्तमानपत्री सवयीने यालाही कोणी ‘निसटता विजय’ म्हणेल. पण जो विजय चौथ्या डावाच्या आरंभी भारताच्या हातात नव्हताच, तो भारताच्या हातून निसटू कसा लागेल? निसटला तो ऑस्ट्रेलियाच्या हातून. भारताने तो ‘खेचून आणला’, आणि यासाठी हाच प्रयोग मराठीत पूर्वापार रुळलेला आहे.

खऱ्या अर्थाने निसटता विजय पाहायचा असेल तर २४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्गला झालेला पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. पाकिस्तानची अवस्था ६ बाद ७७ होती आणि लक्ष्य १५८ धावांचे होते, म्हणजे सामना भारताच्या मुठीत आला होता. तेथून मिसबाह-उल-हकने तो अखेरच्या चार चेंडूंत सहा धावा इथपर्यंत ओढत नेला. त्यानंतर त्याने जोगिंदर शर्माचा चेंडू यष्ट्यांमागे उचलला, श्रीशांतने झेल घेतला आणि भारताने पाच धावांनी विश्वचषक जिंकला. मुठीतून सरकत चाललेले अखेर मुठीतच राहिले, म्हणून तो निसटता विजय.

‘काठावरचा’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. त्याला आधी काठ लागतो, म्हणजे पूर्वीच ठरलेली एक रेषा लागते. शालान्त परीक्षेत ३५ गुणांची रेषा असते, म्हणून ३५ किंवा ३६ गुण मिळवणारा ‘काठावर पास’ होतो. विधानसभेच्या २८८ जागांत बहुमताची रेषा १४५ वर असते, म्हणून १४५ किंवा १४६ आमदारांच्या बळावर चालणारे बहुमत ‘काठावरचे बहुमत’ ठरते. दोन संघांच्या किंवा दोन उमेदवारांच्या लढतीत अशी रेषा नसते, तेथे समोर प्रतिस्पर्धी असतो. त्यामुळे आपल्या कबड्डीच्या सामन्याला ‘काठावरचा’ हे विशेषण मी लावणार नाही.

‘चुरशीचा’ हे विशेषण लढतीचे आहे, निकालाचे नाही. कबड्डीत अखेरच्या पाच मिनिटांपर्यंत बरोबरी असते, मग एका संघावर लोण चढतो, म्हणजे त्याचे सर्व खेळाडू बाद होतात, आणि सामना दहा गुणांच्या फरकाने संपतो. ती लढत चुरशीचीच होती, मात्र विजय लहान फरकाचा म्हणता येत नाही.

प्रतिसाद (विलेपार्ले) :

वरील विवेचन तर्कशुद्ध आहे, तरी एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. ‘निसटता स्पर्श’, ‘निसटता उल्लेख’ अशा प्रयोगांत कोणतीही वस्तू हातातून सुटत नसते. तेथे ‘निसटता’ म्हणजे ओझरता, जेमतेम लागलेला. बंदुकीची गोळी कानाला चाटून जावी, तसा. निवडणुकीच्या दिवसांत गावोगावी ‘यंदा घासून होणार’ असे म्हणतात आणि उत्साही कार्यकर्ते ‘घासून नाही, ठासून येणार’ असे उत्तर देतात, त्या ‘घासून’मध्येही हीच कल्पना आहे. हा अर्थ धरला तर दोघांमधील अंतर जेथे अगदी अल्प असेल, तेथे विजयही निसटता आणि पराभवही निसटता. ‘निसटता पराभव’ हा प्रयोग एरवी निरर्थक ठरला असता, कारण पराभव घट्ट धरून ठेवावा असे कोणालाच वाटत नाही. तरीही तो सर्वमान्य आहे.

प्रतिसाद (गिरगाव) :

‘निसटता पराभव’ कसा रुळला याचे आपण दिलेले स्पष्टीकरण मला पटते आणि तो प्रयोग कोणी खोडून काढावा असे मी सुचवणार नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. शब्दाला दोन अर्थ असताना लिहिणाऱ्याने केवळ ओझरताच अर्थ वापरला, तर वाचकाला सामन्याची किंवा मतमोजणीची हकिकत कळण्याचे एक साधन आपण गमावतो. मुंबईतील ताजे उदाहरण घेऊ. ४ जून २०२४ च्या मतमोजणीत वायव्य मुंबईतून रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मते मिळाली आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. यातील केवळ मतदान यंत्रांतली मते पाहिली तर कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत वायकर यांना ४९ मते अधिक पडली आणि निकाल ४८ मतांचा लागला. नऊ लाखांहून अधिक मतांत ४८ चा फरक! २०१९ मध्ये चांदिवलीचा विधानसभेचा निकाल ४०९ मतांनी लागला, २०२४ मध्ये माहीमचा १,३१६ मतांनी. या तिन्हींना ‘निसटता’ हे एकच विशेषण लावले तर ४८ आणि १,३१६ यांतील अंतर वाचकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, आकडा उपलब्ध असेल तर आधी आकडा द्यावा आणि ‘निसटता’ हा शब्द हकिकतीसाठी राखून ठेवावा.

‘राखून’ या शब्दावरून आणखी एक गोष्ट सुचते. खो-खोमध्ये ‘मिनिटे राखून’, क्रिकेटमध्ये ‘गडी राखून’ असे आपण लिहितो, तेव्हा जिंकणाऱ्याजवळ काय शिल्लक होते ते सांगतो. परंतु नेमके तेवढेच सांगितले तर कधीकधी दिशाभूल होते. १८ मार्च २०१८ रोजी कोलंबोत झालेल्या निदाहास करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला ‘चार गडी राखून’ हरवले, हे वाचून विजय आरामात मिळाल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात अखेरच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या आणि दिनेश कार्तिकने षटकार मारला. तेथे ‘अखेरच्या चेंडूवर’ हे शब्द गाळले तर वृत्तांत अपुराच राहतो.

प्रतिसाद (दादर) :

दोघांचेही आभार. आमचा संघ मध्यंतरानंतर पिछाडीवर होता आणि अखेरच्या चढाईत दोन गुण मिळवून जिंकला, तेव्हा ‘खेचून आणलेला विजय’ असा बदल करतो. एक जोड-प्रश्न : मते समसमान पडल्यावर होणाऱ्या निवडीला काय म्हणावे? आणि ‘अल्पमताने विजयी’ हे बरोबर आहे काय?

प्रतिसाद (गिरगाव) :

२०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना प्रत्येकी ५,९४६ मते मिळाली आणि चिठ्ठी काढल्यावर शहा निवडून आले. यासाठी मराठी वृत्तपत्रांनी वापरलेला ‘ईश्वरचिठ्ठी’ हा शब्द मला अतिशय समर्पक वाटतो. ‘सोडत’ हा शब्द म्हाडाच्या घरांना आणि प्रभागांच्या आरक्षणाला जोडला गेलेला असल्याने येथे तो टाळलेला बरा. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यानुसार चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याला एक मत अधिक मिळाल्याचे मानले जाते, म्हणजे कागदावर तो एका मताने विजयी असतो. तरीही तेथे ‘निसटता’ म्हणू नये, ‘ईश्वरचिठ्ठीने निवड’ म्हणावे.

‘अल्पमताने विजयी’ मात्र चूक आहे. अल्पमत म्हणजे निम्म्याहून कमी पाठबळ, जसे अल्पमतातील सरकार. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली, तेव्हा वाजपेयी सरकार अल्पमतात असल्याचे एका मताने सिद्ध झाले. (१९८७ च्या विश्वचषकात मद्रासला ऑस्ट्रेलियाने २७० धावा केल्या आणि भारत २६९ वर बाद झाला, हा योगायोग क्रीडाप्रेमींच्या सहज ध्यानात येईल.) उमेदवार थोड्या फरकाने निवडून आला असेल तर ‘अल्प मताधिक्याने विजयी’ असे लिहावे.