दोष पावडरचा नाही, तयारीचा

पावडर कोटिंग, म्हणजे गाडीच्या भागांवर रंगाची कोरडी पावडर बसवून भट्टीत भाजणं, दोन पावसाळ्यांत सोलतं असं म्हणतात; हे मला पटत नाही. सोलतं ते बहुतेक वेळा खालच्या गंजामुळे. माझ्या बुलेटचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) पहिल्यांदा नुसता घासून कोट करून दिला होता. चेनच्या बाजूला खडी लागून टवका उडाला आणि तिथून गंज आतल्या आत पसरत गेला. नखाने उचकटलं तर पापुद्राच हातात आला. दुसऱ्यांदा सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणं), वर झिंक प्रायमर (गंज रोखणारा जस्ताचा थर), मग पावडर. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत चार पावसाळे झाले, अजून शाबूत आहे.

भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजतात, त्यामुळे बुश, बेअरिंग, ऑइल सील आधी काढाच. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकायला बजावून सांगा, नाहीतर परत बसवताना रडारड. सायलेन्सरला मात्र साधी पावडर नकोच, ती जळते.